घोडबंदरच्या खाडीचे पाणी

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर मागे टाकत ती कल्याणला पोहोचते. तिथे काळू आणि भातसा तिला येऊन मिळतात. कल्याणच्या खाली मात्र ती नदी राहत नाही. भरतीचे खारे पाणी तिथपर्यंत चढते आणि पुढचा सारा प्रवाह खाडीचा होतो. डोंबिवली, दिवा, मुंब्रा ओलांडल्यावर ठाण्याच्या उत्तरेला खारेगाव-साकेतपाशी या खाडीला दोन वाटा फुटतात. अरुंद वाट दक्षिणेला कळव्याच्या पुलाखालून जाते, हळूहळू रुंदावते आणि सुमारे 26 किलोमीटर लांबीची ठाणे खाडी होऊन मुंबई बंदराला मिळते. मोठी वाट पश्चिमेला वळते. कशेळी, कोलशेत, नागला बंदर, गायमुख, घोडबंदर असे टप्पे घेत ती वसईच्या किल्ल्यापाशी अरबी समुद्रात उतरते. या दोन वाटा आणि समुद्र यांच्यामधली जमीन म्हणजे साष्टी बेट. येऊरच्या डोंगराचा पायथा आणि खाडीचा काठ यांच्यातल्या चिंचोळ्या पट्टीतून घोडबंदर रोड जातो.

दोन्ही खाड्या उथळ आहेत. ओहोटीला पाणी मधल्या पात्रात आखडते आणि दोन्ही काठांना चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होत असली तरी दर ओहोटीला सगळे पाणी समुद्रात जाते असे नाही. आत शिरलेले पाणी थोडे मागे हटते आणि पुढच्या भरतीला पुन्हा आत ढकलले जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही अदलाबदल जोरात चालते, अष्टमीच्या सुमाराला भांगाच्या पाण्यात ती मंदावते. ठाणे खाडीच्या वरच्या टोकाला तर पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नाव घेण्याजोगे गोडे पाणीही येत नाही. खाडीत पडलेली घाण दिवसेंदिवस तिथल्या तिथे हिंदकळत राहते, त्याचे कारण हेच. पुढचा सगळा इतिहास या एका भौगोलिक गोष्टीभोवती फिरतो.

जुन्या काळात ही खाडी म्हणजे रस्ता होता. अरबांशी होणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून घोडबंदराला नाव पडले, असे सांगतात. पोर्तुगिजांनी तिथे किल्ला बांधला. 1737 साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि घोडबंदर मराठ्यांकडे आले, दोन वर्षांनी वसईही पडली. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायमची गेली. सत्ता बदलत राहिल्या, खाडीचा वापर मात्र फारसा बदलला नाही. काठावर कोळीवाडे होते. खारबांध घालून काढलेल्या जमिनीत भात पिकत होता, मिठागरांतून मीठ निघत होते आणि पडावांतून कौले, लाकूड, रेती, गवत मुंबईला जात होते. बांध घालून खाजण कोरडे करण्याची कला या भागात फार जुनी. तेव्हा खाडीला झळ लागत होती ती इतकीच: काठ थोडा थोडा आत सरकत होता.

पहिला मोठा फरक रेल्वेने केला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी, मे 1854 मध्ये, लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. खाडी सर्वांत अरुंद होती तिथेच पुलाचे दगडी खांब उभे राहिले. पुढे त्याच गळ्यात रस्त्याचा पूल आला, रेल्वेच्या नव्या मार्गिका आल्या, जलवाहिन्या आल्या. प्रत्येक खांबामागे पाणी थोडे मंदावते आणि मंदावलेले पाणी गाळ टाकते. ठाणे खाडीचे वरचे टोक इतके कसे उथळले, या प्रश्नाच्या उत्तरात या गळ्याचा वाटा मोठा आहे. शिवाय येऊर आणि पारसिकचे डोंगर खणले जाऊ लागल्यावर पावसाबरोबर येणारी माती वाढली, ती वेगळीच.

गोड्या पाण्याचे गणितही पुढच्या शतकात बदलले. 1922 साली टाटांचे भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. आंध्रा धरणाचे पाणी वीज करून झाल्यावर उल्हासमध्ये सोडले जाऊ लागले आणि उल्हास बारमाही वाहू लागली. भातसाच्या बाबतीत उलटे झाले. स्वातंत्र्यानंतर भातसा धरण झाले आणि तिचे पाणी पिसे येथे बंधाऱ्यावर उचलून मुंबईकडे वळवण्यात आले. जे पाणी कल्याणला खाडीत उतरून घोडबंदरवरून समुद्राला गेले असते, ते आता नळातून भांडुप-घाटकोपरच्या घरांत जाते आणि मैलापाणी होऊन ठाणे खाडीत येते. एका खाडीचे गोडे पाणी दुसऱ्या खाडीची घाण होते. महानगराच्या पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत हा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही.

कारखान्यांचे पर्व 1940 च्या दशकाच्या अखेरीस सुरू होते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाड आणि मोहने येथे रेयॉनचे कारखाने आले, अंबरनाथला रसायने आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले. त्याची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. लागोपाठ डोंबिवली, अंबरनाथ आणि ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. कोलशेत आणि बाळकुमच्या बाजूला, म्हणजे आजच्या घोडबंदर रोडच्या तोंडाशी, औषधांचे व रंगांचे कारखाने आले. खाडी जवळ असणे हा या जागांचा गुण समजला जाई. पाणी सोडायला जागा आहे, असे प्रकल्पाच्या कागदांत उघडपणे लिहायची तेव्हा लाज नव्हती. पाणी प्रदूषणाचा राज्याचा कायदा 1969 साली झाला, 1970 च्या सप्टेंबरात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले आणि केंद्राचा कायदा 1974 चा. तोवर पहिली पिढी सांडपाणी सोडून मोकळी झाली होती.

त्या पिढीने मागे ठेवलेला वारसा गाळात सापडला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळाचे उभे नमुने काढून त्यांतला पारा मोजला. कॉस्टिक सोडा करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे विद्युतघट वापरत. त्यांतून निसटलेला पारा खाडीच्या मधल्या भागात, गाळाच्या बारीक कणांना चिकटून बसला होता. हे पारा वापरणारे घट पुढे बंद झाले आणि नवा पारा येणे थांबत गेले. खाडी दुरुस्तीच्या दृष्टीने हा सोपा प्रकार म्हणायचा: स्रोत मोजके, त्यांची नावे ठाऊक आणि पर्यायी तंत्र बाजारात तयार. जुना पारा मात्र गाळातच आहे. म्हणून या खाडीत गाळ उपसण्याच्या कोणत्याही योजनेआधी गाळात काय आहे ते तपासावे लागते.

नायट्रोजन आणि फॉस्फरसचे तसे नाही. त्यांचा कारखाना म्हणजे प्रत्येक घर.

मैल्यात, मूत्रात, साबणाच्या फेसात आणि शेतातल्या खतात ही द्रव्ये असतात. पाण्यातल्या वनस्पतींना ती हवीच असतात, पण थोडी. ती वारेमाप मिळाली की शैवाल माजते. मेलेले शैवाल आणि सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मग मासे एक तर निघून जातात किंवा मरतात. स्वच्छ पाण्याच्या उपसागरात ही क्रिया हिरव्या पाण्यातून डोळ्यांना दिसते. ठाण्याच्या खाड्यांत ती लपून राहते, कारण पाणी इतके गढूळ की सूर्यप्रकाश हातभर खोलही जात नाही आणि पाण्यात शैवालाला फार वाढता येत नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर मात्र ऊन भरपूर मिळते. तिथे करंडक वनस्पती आणि नीलहरित शैवालांचा पातळ, तपकिरी-हिरवा थर धरतो. नदीच्या गोड्या भागात हेच पोषण जलपर्णी खाते. मोहिली, मोहने, रायते परिसरात उल्हासवर दर उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो, तो याच द्रव्यांवर. पावसाळ्यात पूर तो तोडून खाली आणतो, खाऱ्या पाण्यात ती पाने पिवळी पडतात, कुजतात आणि आपल्या अंगातले नायट्रोजन खाडीला परत देतात. दर वर्षी यंत्राने जलपर्णी काढण्यावर खर्च होतो आणि पुढच्या वर्षी ती परत येते, यात नवल काहीच नाही.

खाडीच्या तब्येतीची नोंद ठेवण्याचे काम ज्यांनी चिकाटीने केले, त्यांत ठाण्याच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाचे नाव आधी घ्यावे लागते. 1969 साली सुरू झालेले हे महाविद्यालय चेंदणी बंदराजवळ, अगदी खाडीच्या काठावर आहे. 1980 च्या दशकापासून तिथले प्राणिशास्त्राचे अध्यापक आणि विद्यार्थी ओहोटीला चिखलात उतरत आले आहेत. ठरलेल्या मापाचा चिखल उचलायचा, बारीक जाळीच्या चाळणीवर पाण्याने धुवायचा आणि जाळीवर उरलेले जीव वेगळे करून मोजायचे, अशी ही पद्धत. चिखल निरोगी असेल तर चाळणीत शिंपले, गोगलगाई, लहान खेकडे, कोळंबीची जात आणि कृमी असे सगळ्या तऱ्हांचे जीव मिळतात. प्राणवायू कमी आणि सेंद्रिय घाण जास्त झाली की प्रकार घटतात आणि ती सोसणाऱ्या मोजक्या जातीच्या कृमींची संख्या भरमसाट वाढते. डॉ. आर. पी. आठल्ये, डॉ. गोल्डिन क्वाड्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत ठाणे खाडीच्या वरच्या टोकाला नेमके हेच चित्र आले: गाळ वाढतो आहे, पाण्यात तरंगणारे कण वाढत आहेत, मासळीचे प्रकार घटत आहेत. चेंदणीच्या कोळ्यांना हे सांगायला चाळणीची गरज नव्हती. जाळ्यात जिताडा येईनासा झाला. बोय, शिंगाळा, चिंबोरी आणि चिखलातली निवटी एवढ्यांवर धंदा आला, आणि पुढे बहुतेक घरांनी तोही सोडला.

घोडबंदर रोडची गर्दी यानंतरची. ठाणे महापालिका 1 ऑक्टोबर 1982 रोजी झाली आणि या रस्त्यावरची माजिवडे, मानपाडा, कोलशेत, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळे ही गावे शहरात आली. ठाणे शहराची लोकसंख्या 1991 च्या जनगणनेत 8 लाखांच्या आसपास होती, 2011 साली ती 18 लाख 41 हजारांवर गेली. या वाढीतला मोठा वाटा घोडबंदर रोडच्या संकुलांचा. आधी इमारती, मग रस्ता, मग पाणी आणि सगळ्यांत शेवटी मलवाहिन्या, असा इथल्या बांधकामाचा क्रम राहिला. येऊरच्या डोंगरातून उतरणारे ओढे पूर्वी भाताच्या खाचरांतून खाडीला जात. त्यांचे पात्र काँक्रीटच्या भिंतींत बसवले गेले, शौचकुप्यांचे वाहून आलेले पाणी त्यांत मिसळले आणि नकाशावर त्यांना नाले म्हणू लागले. आजही पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यानंतर हे नाले डोंगरातून येताना स्वच्छ असतात. रस्ता ओलांडून खाडीला पोहोचेपर्यंत त्यांचा रंग बदललेला असतो. हे अंतर पुष्कळ ठिकाणी दोन किलोमीटरही भरत नाही.

काठावरही तेच चालले होते. राडारोडा टाकून खाजणे भरली जात होती, तिवरे तोडून किंवा बांध घालून भरतीचे पाणी अडवून वाळवली जात होती. नागला बंदर, गायमुख, कशेळी, मुंब्रा येथे सक्शन पंपांनी रेती उपसली जात होती आणि उपसा झालेल्या जागी किनारा ढासळत होता. 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाने रेती उपशावर बंदी घातली. पुढे धोरण बदलत राहिले, चोरटा उपसा आणि त्यावरच्या कारवाया दोन्ही सुरू राहिल्या.

दुरुस्तीची सुरुवात झाली ती काठापासून, आणि न्यायालयातून. 1991 च्या फेब्रुवारीत केंद्राने सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. तिवरांना कागदावर संरक्षण मिळाले, पण प्रत्यक्षात तोड थांबेना. तेव्हा बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. 6 ऑक्टोबर 2005 च्या अंतरिम आदेशाने राज्यभर तिवरांची तोड थांबवण्यात आली, त्यांच्यापासून 50 मीटरच्या आत बांधकामाला मनाई झाली आणि सरकारी जमिनीवरची तिवरे राखीव वन म्हणून घोषित करण्यास सांगण्यात आले. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात न्यायालयाने तिवरांच्या नाशाला थेट जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडले. दरम्यान 2012 साली वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि एन. वासुदेवन यांनी त्याचे पहिले नेतृत्व केले. महसूल, सिडको, महापालिका अशा अनेक मालकांत विखुरलेली तिवरे एका खात्याच्या नोंदवहीत आणणे हे कंटाळवाणे काम होते, आणि या साऱ्या कथेतले सर्वांत परिणामकारक कामही तेच होते.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2013 च्या अहवालात महाराष्ट्राची कांदळवने 186 चौरस किलोमीटर होती, 2021 च्या अहवालात 324. उपग्रहचित्रे सुधारली हेही या वाढीमागचे एक कारण आहे, आणि ठाण्यापुरते बोलायचे तर दुसरे कारण खाडीत साचलेला गाळ. नव्या गाळावर तिवर भराभर रुजते. गायमुखच्या काठाला ओहोटीच्या वेळी उभे राहिले की चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवरांची श्वसनमुळे आणि त्यांच्यामधून सरपटणारी निवटी दिसतात. तिवराच्या पानाची पाठ चाटून पाहिली तर खारट लागते, कारण झाड नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. तिवर, चिप्पी आणि मारांडी यांची ही पट्टी पाण्यातला काही नायट्रोजन अडवते आणि मुळांभोवतीच्या चिखलातले जिवाणू त्यातला थोडा वायूरूपाने हवेत परत पाठवतात. पण शहराचे सगळे मैलापाणी झाडांनी गाळून द्यावे ही अपेक्षा फार झाली. शिवाय तिवरे पसरली की उघडा चिखल कमी होतो, आणि पाणपक्ष्यांना तोच हवा असतो.

पक्ष्यांची गोष्ट या इतिहासातले सर्वांत चमत्कारिक प्रकरण आहे. 1990 च्या दशकात शिवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या चिखलावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागले. आधी शेकड्यांत, मग हजारांत, आणि अलीकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत ते लाखाच्या वर गेले. त्यांतले बहुसंख्य छोटे रोहित. त्यांची चोच म्हणजे गाळणी, आणि खाणे म्हणजे चिखलावरचे तेच सूक्ष्म शैवाल. सांडपाण्याच्या पोषणावर शैवाल वाढले आणि शैवालावर पक्षी आले, असे अभ्यासकांचे मत आहे. मुंबईकरांनी गुलाबी थवे पाहून खाडी सुधारली असे मानले. प्रत्यक्षात ते थवे पोषणाच्या अतिरेकावर जेवत होते. तरीही संरक्षणाच्या दृष्टीने पक्षी फार उपयोगी ठरले. 6 ऑगस्ट 2015 रोजी ऐरोली पूल ते वाशी पूल या भागात सुमारे 1,690 हेक्टरचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. ऑगस्ट 2022 मध्ये अभयारण्य आणि त्याभोवतीचा संवेदनशील पट्टा मिळून 6,521 हेक्टर क्षेत्र महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले. चिखलातल्या जीवांचे प्रकार घटले म्हणून कुणी अभयारण्य केले नसते.

घोडबंदरचा फाटा या अभयारण्यात नाही. तिथे रोहितांचे थवे नाहीत, नौकाविहाराचे तिकीट नाही. तिथली लढाई कल्याण-डोंबिवलीच्या बाजूने, पाण्याच्या प्रश्नावर सुरू झाली. 2013 साली वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला. वालधुनी ही अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहत कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळणारी छोटी नदी, आणि टँकरने चोरून रसायने ओतण्याची जागा. 2014 च्या अखेरीस अशाच रसायनातून उठलेल्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. 2015 साली न्यायाधिकरणाने या भागातल्या नगरपालिका-महापालिका आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना मिळून 95 कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडापेक्षा महत्त्वाचे झाले ते हे की कारखान्यांबरोबर शहरांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. प्रक्रिया न करता मैलापाणी सोडणारी महापालिका आणि रंगीत पाणी सोडणारा कारखाना यांच्यात पाण्याच्या दृष्टीने फरक नाही.

तोवर मैलापाण्याची कामे सुरू झाली होती. 2005 साली केंद्राची नागरी पुनरुत्थान योजना आली आणि तिच्या निधीतून ठाण्यात भुयारी गटारांची जाळी टाकायला प्रारंभ झाला. कोपरीला दररोज 12 कोटी लिटर क्षमतेचे मलप्रक्रिया केंद्र उभे राहिले. सर्वांत पुढे गेली ती नवी मुंबई. सिडकोने शहर आधी आखले आणि मग वसवले, त्यामुळे मलवाहिन्या आधीपासून होत्या. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ आणि बेलापूर येथील केंद्रांत तिने टप्प्याटप्प्याने हवा देण्याची आणि थांबवण्याची पद्धत वापरली. हवा मिळाली की एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. हवा बंद केली की दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. घाण कमी करणे आणि पोषण कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे अशाच केंद्रात होते. मुंबईच्या भांडुप आणि घाटकोपरच्या जुन्या केंद्रांत मात्र हवा घातलेल्या तळ्यांत पाणी ठेवून खाडीत सोडले जात राहिले. त्यांच्या जागी भांडुपला दररोज साडेएकवीस कोटी आणि घाटकोपरला 33.7 कोटी लिटरची नवी केंद्रे ठरली. मुंबईच्या अशा सात केंद्रांची पायाभरणी 19 जानेवारी 2023 रोजी झाली.

नियमांनी या बाबतीत दगा दिला, असे स्पष्ट म्हणावे लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2015 च्या नोव्हेंबरात मलप्रक्रिया केंद्रांसाठी मानकांचा मसुदा काढला, त्यात एकूण नायट्रोजनला मर्यादा होती. ऑक्टोबर 2017 च्या अंतिम अधिसूचनेत ती गाळली गेली आणि नायट्रोजन-फॉस्फरसचा उल्लेखच राहिला नाही. 30 एप्रिल 2019 रोजी हरित न्यायाधिकरणाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार कडक मानके लागू करण्यास सांगितले. ज्या खाडीचा मुख्य आजार पोषणाचा आहे, तिच्यात पाणी सोडणाऱ्या केंद्राला मधल्या काळात पोषण न मोजताही नियमात राहता येत होते.

जगात उथळ उपसागर सावरल्याची उदाहरणे आहेत आणि ती या खाडीशी ताडून पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातला टँपा उपसागर 1970 च्या दशकात असाच सांडपाण्याने हिरवा झाला होता आणि तळावरचे समुद्रगवत निम्म्याच्या आसपास नष्ट झाले होते. राज्याने कायदा करून शहरांना नायट्रोजन काढणारी प्रक्रिया सक्तीची केली. टँपा शहराचे केंद्र 1980 च्या सुमारास सुधारले, पाणी हळूहळू निवळले आणि समुद्रगवताला 1950 च्या दशकातली पातळी गाठायला 2014 साल उजाडले. म्हणजे मुख्य नळ बंद केल्यानंतरही तीस-पस्तीस वर्षे. 2021 साली एका बंद खतकारखान्याच्या तळ्यातले पाणी त्यात सोडावे लागले आणि कमावलेले पुन्हा धोक्यात आले. ओडिशाचे चिलिका सरोवर दुसरे उदाहरण. गाळाने समुद्राचे तोंड बुजत गेल्यामुळे 1993 साली ते धोक्यातल्या रामसर स्थळांच्या यादीत गेले. चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर 2000 मध्ये नवे मुख खोदले, खारे पाणी परत खेळू लागले, मासळी वाढली आणि 2002 साली सरोवर त्या यादीतून बाहेर आले. चिलिकाचा आजार पाणी न खेळण्याचा होता, टँपाचा पोषणाचा. ठाण्याच्या खाड्यांना दोन्ही आहेत. मात्र चिलिकाला एक प्राधिकरण होते आणि टँपाला एकच मोठा नळ सापडला होता.

घोडबंदरच्या काठावर गेल्या काही वर्षांत गायमुख, नागला बंदर, कोलशेत येथे चौपाट्या आणि फिरण्याचे मार्ग झाले. संध्याकाळी तिथे गर्दी असते, आणि खाडीकडे पाठ करून राहणाऱ्या शहराने तिच्याकडे तोंड केले ही चांगलीच गोष्ट आहे. 2016 च्या कायद्याने वसई-ठाणे-कल्याण हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 ठरला. बाळकुम ते गायमुख असा सुमारे 13 किलोमीटरचा किनारी रस्ताही एमएमआरडीएने आखला आहे. दोन्हींसाठी गाळ उपसावा लागेल किंवा तिवरांतून खांब न्यावे लागतील, आणि न्यायालयाच्या 2018 च्या निकालामुळे प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागेल. ही अडचण असल्याची तक्रार होते. तो निकाल नेमका त्यासाठीच आहे.

पाण्याचे काम याहून रूक्ष आहे आणि त्याचे उद्घाटन करायला फारसे कुणी येत नाही. येऊरचे ओढे आणि मलवाहिन्या वेगळ्या करणे, संकुलांची स्वतःची मलप्रक्रिया केंद्रे खरोखर चालतात का ते पाहणे, प्रक्रिया केलेले पाणी बागा आणि उद्योगांना देणे, प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस मोजून जाहीर करणे, आणि गाळाच्या कृमींची मोजणी चालू ठेवणे, अशी ती यादी आहे. कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार या आठ नागरी संस्थांचे पाणी उल्हासच्या एकाच खाडीत येते. प्रत्येकीचा आराखडा निराळा, निविदा निराळी, मुदतवाढ निराळी. भरतीचे पाणी या हद्दी मानत नाही. यांपैकी एका शहराने आपले सगळे मैलापाणी शुद्ध केले, तरी शेजारच्या शहराचे पाणी पुढच्या भरतीला त्याच्या काठाला लागते. म्हणून आठही संस्थांच्या केंद्रांना नायट्रोजन-फॉस्फरसची एकच मर्यादा आणि एकच तारीख ठरत नाही, तोवर घोडबंदरच्या खाडीचे पाणी सुधारणार नाही.